तीनदा वाजणारी ओळ

अमेरिकेहून परत आल्यापासून सोसायटीत जो भेटेल तो विचारतो, "नायगारा पाहिला?" नाही पाहिला. "लास व्हेगास?" तेही नाही. "मग इतके दिवस केलंत काय?" आता काय सांगायचं? आम्ही लुइझियानातल्या एका नव्वदीच्या म्हाताऱ्याला भेटायला गेलो आणि त्याचे दात बघून आलो. एवढं ऐकलं की लोक विषय बदलतात. म्हणून म्हटलं, एकदा सगळं नीट लिहूनच काढावं.

मी दातांची डॉक्टर. नाशिकला आयुष्यभर दवाखाना चालवला, आता बंद केलाय. आमचे हे, म्हणजे शशिकांत, वीज मंडळातून निवृत्त झाले. पण नाशकात जुन्या लोकांना विचाराल तर ते म्हणतील, "कोण, सॅक्सोफोनवाले शशी का?" आठवडाभर मीटर आणि तक्रारी, आणि शनिवार-रविवार ऑर्केस्ट्रा, असा ह्यांचा संसार होता. त्यात मी नंतर आले.

ऑर्केस्ट्रात ह्यांचा एक हुकमी सोलो होता. सोलो म्हणजे गाणारा थांबतो आणि मधे एकटं वाद्य बोलतं, तो तुकडा. रॉक अँड रोल अगदी नवं होतं तेव्हा गिटारची मिजास सुरू व्हायची होती, मधला तुकडा सॅक्सोफोनचाच असायचा. ह्यांना कॉलेजात असताना देवळाली कॅम्पाच्या जुन्या बाजारात तसली एक रेकॉर्ड मिळाली. तिच्यावर गायकाचं नाव मोठ्या अक्षरात, आणि सॅक्सोफोन कोणी वाजवलाय याचा पत्ता नाही. ह्यांनी तो सोलो ऐकून ऐकून, आईच्या शिव्या खाऊन खाऊन, जसाच्या तसा उचलला.

त्या सोलोत एक ओळ तीनदा यायची. मी डेंटलच्या शेवटच्या वर्षाला होते, गॅदरिंगला हा ऑर्केस्ट्रा आला होता. ती ओळ पहिल्यांदा आली तेव्हा छान वाटलं. दुसऱ्यांदा आली तेव्हा वाटलं, अडकला बिचारा. तिसऱ्यांदा आली तेव्हा हा माणूस सरळ माझ्याकडे बघून वाजवत होता. पुढचं सांगायला नकोच.

चार वर्षांपूर्वी ह्यांच्या हिरड्यांनी दगा दिला आणि वरचे सगळे दात काढावे लागले. कवळी मीच केली. माझ्या हातची ती सगळ्यात देखणी कवळी आहे, हसले तरी कोणाला शंका येत नाही, आणि ऊस सोडून हे सगळं खातात. पण सॅक्सोफोनच्या तोटीवर वरचे दात टेकवून फुंकावं लागतं. फुंकलं की कवळी सटकायची, कडेने हवा जायची, आणि बाहेर पडायचं ते बदकाचं ओरडणं. मी चिकटवायच्या पावडरी आणल्या, कवळीचा काठ बदलला, काही उपयोग नाही. एक दिवस ह्यांनी वाद्य पेटीत घातलं आणि पेटी माळ्यावर टाकली.

पहिले काही दिवस चिडचिड केली, मग तीही बंद झाली. घर एकदम शांत झालं. ती शांतता मला सोसत नव्हती, खरंच सांगते.

अर्विंग

आमची मुग्धा आणि जावई कौस्तुभ टेक्ससमधे अर्विंगला राहतात. तिथे उतरल्यावर पहिल्या दिवशी मी विचारलं, "अगं, अमेरिका कधी लागणार?" समोर इडली-डोशाचं हॉटेल, शेजारी किराणा दुकान, त्यात तोंडल्यांपासून कुरडयांपर्यंत सगळं. बिलाच्या रांगेत पुढची बाई फोनवर नागपुरी मराठीत नवऱ्याला झापत होती. मला अगदी घरच्यासारखं वाटलं.

हे रोज सकाळी चहा करताना तो सोलो तोंडाने म्हणायचे. पॅप्-पा-रा-पॅ, पॅप्-पा-रा-पॅ. कौस्तुभने चारपाच दिवस ऐकलं आणि गायकाचं नाव विचारून घेतलं. एका शनिवारी तो लॅपटॉप घेऊन धावत स्वयंपाकघरात आला.

"बाबा, हा माणूस जिवंत आहे यार!"

सासऱ्याला यार म्हणणारा जावई मी प्रथमच पाहिला, पण त्या क्षणी कोणालाच त्याचं काही वाटलं नाही. लुइझियानातल्या एका लहान गावच्या वाचनालयाने गावातल्या म्हाताऱ्यांच्या मुलाखती नेटवर ठेवल्या होत्या. त्यात मिस्टर आल्टन नावाचे एक गृहस्थ सांगत होते की त्या रेकॉर्डवरचा सॅक्सोफोन माझा. कौस्तुभने वाचनालयात फोन केला, त्यांनी मिस्टर आल्टनच्या पुतणीला विचारलं, आणि तिने "या की" म्हटलं.

"मला त्यांना एकच गोष्ट विचारायचीय," हे म्हणाले. "ती ओळ कापली कुणी?"

ही जुनी भानगड. नेटवर ते गाणं आहे, आणि त्यात ती ओळ एकदाच येते. ह्यांचं म्हणणं, कंपनीने पुढे कधीतरी कात्री लावली, मूळ तीनदाच आहे. यावरून ह्यांनी नेटवर अनोळखी लोकांशी भांडणंसुद्धा केली आहेत.

"तुम्ही त्यांना वाजवूनच दाखवा ना बाबा," मुग्धा म्हणाली.

"काय वाजवू? कवळी?" असं म्हणून हे उठून बाल्कनीत गेले.

मुग्धा माझ्याकडे बघत राहिली. त्या ओळीचं काय व्हायचं ते होवो, मला फक्त एवढंच हवं होतं की ह्या माणसाने पुन्हा एकदा तोंडाला वाद्य लावावं. मी मनातल्या मनात ठरवलं, कसंही करून जायचंच.

रस्त्यात

मुग्धाच्या ऑफिसात काहीतरी रिलीज होतं, म्हणून आम्ही तिघंच निघालो. जाताना मी भाजणीच्या चकल्यांचा मोठा डबा घेतला. नव्वदीच्या माणसाला चकल्या! दातांच्या डॉक्टरला हे सुचू नये? पण माणसाच्या घरी रिकाम्या हाताने कसं जायचं, एवढंच डोक्यात होतं.

टेक्सस सपाट आहे, बघून बघून डोळे दमतात. लुइझियाना लागलं की उंच उंच पाइनची झाडं सुरू होतात, हवा जड होते, आणि पुलाखालचं पाणी चहासारखं तपकिरी दिसतं. एका पेट्रोल पंपावर पाटी होती, उकडलेल्या शेंगा. मी कौस्तुभला गाडी थांबवायलाच लावली. मोठ्या पातेल्यात मिठाच्या पाण्यात उकळत असलेल्या भुईमुगाच्या शेंगा, थेट आपल्या! फक्त त्यात तिखटसुद्धा टाकलं होतं. ह्यांनी गाडीच्या बॉनेटवर कागद पसरून अर्धा किलो तरी संपवल्या. मी म्हटलं, "बघा, कवळी कशी काम करतेय." ह्यांनी टरफलांचा कागद गोळा केला.

दुपारी एका टपरीवजा हॉटेलात गंबो खाल्लं. गंबो म्हणजे भातावर ओतलेला दाट रस्सा, त्यात कोळंबी आणि भेंडी. आपण भेंडीची तार जावी म्हणून जन्मभर लिंबू पिळतो, धुतल्यावर पुसतो, काय काय करतो. इथे त्यांना ती तारच हवी असते, रस्सा तिच्यामुळेच दाट होतो म्हणे. हॉटेलची मालकीण मला "बेबी" म्हणाली. साठी उलटल्यावर कोणी बेबी म्हटलं की बरं वाटतं, उगाच नाही कशाला म्हणू.

तिथून निघताना डिकीत डबा कलंडला आणि चकल्यांचा निम्मा चुरा झाला. पुढे तेच बरं झालं.

मिस्टर आल्टनचा ओटा

लाकडी बैठं घर, पुढे ऐसपैस ओटा, अंगणात पिकानचं, म्हणजे अक्रोडाच्या जातीचं, झाड. ओट्यावरच्या झुलत्या खुर्चीत मिस्टर आल्टन बसले होते. उंच, काटकुळे, काळे, पांढरा शुभ्र शर्ट, आणि घरीसुद्धा हॅट. पुतणी डेलोरिस बाहेर आली आणि मला म्हणाली, "मिस उषा, या." त्या भागात पहिल्या नावाला मिस लावतात. म्हणजे आपलं ताईच की. मीही तिला मिस डेलोरिस म्हणायला लागले आणि पाच मिनिटांत आम्ही जुन्या मैत्रिणी झालो.

मिस्टर आल्टन हसले आणि माझी नजर सवयीने तोंडाकडे गेली. वर-खाली दोन्हीकडे कवळ्या, आणि काम बेताचं.

गोड चहाचे बर्फ घातलेले ग्लास आले. चकलीचा चुरा त्यांनी चहात बुडवून बुडवून खाल्ला आणि "अजून आहे का?" विचारलं. मग त्यांनी आपली गोष्ट सांगितली. आईबाप दुसऱ्याच्या शेतावर कापूस वेचायचे. शाळेच्या बँडमधला एक मोडका सॅक्सोफोन कोणालाच नको होता, तो त्यांच्या वाट्याला आला. थोडे मोठे झाल्यावर बारमधे वाजवू लागले. तिथे नुसतं वाजवून भागत नसे. बारच्या काउंटरवर चढून, लोकांचे ग्लास चुकवत, या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजवत चालायचं. शेवटी जमिनीवर पाठ टेकून, पाय झाडत वाजवायचं.

"एकदा तरी ग्लास सांडला असेल," कौस्तुभ म्हणाला.

"पोरा, मी ग्लास सांडायचो नाही. माझा उतरता सूर ऐकून लोकच सांडायचे."

बँडबरोबर गावोगाव फिरायचे, पण ज्या हॉलमधे वाजवलं त्याच्या शेजारच्या हॉटेलात काळ्या माणसाला खोली नाही, जेवण नाही. बसमधेच झोपायचं. हॉलच्या मधोमध दोर बांधलेला असे, एका बाजूला गोरी पोरं, दुसरीकडे काळी. "माझा सोलो सुरू झाला की पोरं नाचायला लागायची," ते म्हणाले, "आणि सोलो संपेपर्यंत तो दोर कुणाच्या तरी पायाखाली असायचा. मालक परत बांधायचा. मी परत वाजवायचो." हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. मला मात्र राग आला आणि अभिमानही वाटला, माझा काहीएक संबंध नसताना.

"आणि तो गुरगुरणारा आवाज?" ह्यांनी विचारलं. "तो कसा काढलात?"

"आमच्या चर्चचा पाद्री प्रवचन संपेपर्यंत घसा बसवून घ्यायचा. लोकांना त्याचा तो बसका आवाजच खरा वाटायचा. मी घशात गायला लागलो आणि त्याच वेळी फुंकायला लागलो. दोन आवाज आत भांडतात, बाहेर पडतो तो हा."

मग गिटारचे दिवस आले, सॅक्सोफोन लोकांना नकोसा झाला, आणि मिस्टर आल्टन शाळेची बस चालवू लागले. चर्चमधे मात्र रविवारी वाजवणं सुटलं नाही. त्या रेकॉर्डवर आपलं नाव नाही याबद्दल ते म्हणाले, "आवाज तर आहे ना." बस्स, एवढंच.

ह्यांनी खुर्ची पुढे ओढली. "सर, त्या सोलोतली ती ओळ. तुम्ही ती तीनदा वाजवलीत. नंतर ती कापली कुणी?"

"कोणती ओळ?"

ह्यांनी गाऊन दाखवली. पॅप्-पा-रा-पॅ, मान हलवत, तीनदा, आणि मग पुढचा उतरता सूर.

म्हातारबाबांनी डोळे बारीक केले. "पुन्हा म्हण." ह्यांनी पुन्हा म्हटलं. "मी ती एकदाच वाजवली होती," ते म्हणाले. "तीनदा कधीच नाही. तुझ्या रेकॉर्डवर चरा होता का?"

माझ्या डोळ्यांपुढे ती रेकॉर्ड आली, आमच्या कपाटात अजून आहे ती, आडवा लांबलचक चरा पडलेली. सुई तिथे अडखळायची, मागे उडी मारायची, दोनदा तेच गिरवायची आणि मग पुढे जायची. हे नेहमी म्हणायचे, चरा आहे पण गाण्याला काही झालेलं नाही.

ह्यांचा चेहरा पडला. मान खाली घालून म्हणाले, "म्हणजे मी आयुष्यभर बिघाड वाजवला." मलाही धक्का बसलाच होता. अहो, त्याच तिसऱ्या वेळेला मी ह्यांच्यावर भाळले होते! म्हणजे माझं लग्न एका चऱ्यावर झालं की काय?

मिस्टर आल्टन मात्र बोटांनी गुडघ्यावर ठेका धरून काहीतरी पुटपुटत होते. एकदा, दोनदा, तीनदा. आणि अचानक मोठ्याने हसले. "लोक काय करायचे, तू तीनदा वाजवलंस की?"

"वन्स मोअर द्यायचे," मीच उत्तर दिलं.

"मग! तुझी ही ओळ माझ्या ओळीपेक्षा चांगली आहे. डेलोरिस, माझं वाद्य आण. वाजव रे, यंग मॅन."

सदुसष्टाव्या वर्षी यंग मॅन झालेला माझा नवरा वाद्य हातात घेऊन बसला. किती जपून धरलं होतं त्याने ते! तोटी तोंडात घेतली, फुंकलं. तेच बदक. पुन्हा फुंकलं. आतून कवळी खटकन वाजली. ह्यांनी वाद्य मांडीवर ठेवलं आणि इंग्रजीत सांगितलं, "दात नाहीत माझे. होत नाही आता."

"मग काढ ना ते!" म्हातारा म्हणाला. आणि आमच्यादेखत त्याने आपल्या दोन्ही कवळ्या काढून चहाच्या ग्लासात टाकल्या. गाल आत गेले, हनुवटी वर आली. "मी कितीतरी वर्षं असाच वाजवतो. ओठ दोन्हीकडून आत घे, हिरडीवर गुंडाळ. हिरडी घट्ट असते. तुझे हे खोटे दात कोणा गाढवाने केलेत कुणास ठाऊक, मधे मधे येतात नुसते."

ते गाढव शेजारीच बसलं होतं. कौस्तुभ तोंड फिरवून हसत होता. पण मला राग आला नाही, आला असेल तर पळभर. मी फक्त ह्यांच्याकडे बघत होते. कारण हा माणूस कवळी काढतो ती बाथरूमची कडी लावून. मी त्याची बायको, त्याची डॉक्टर, तरी मला तपासायचं असेल तर आदल्या दिवशी सांगावं लागतं. परक्या घरी, जावयासमोर? शक्यच नाही, मी मनात म्हटलं.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मराठीत म्हणाले, "अहो, काढा. मी इतकी वर्षं दुनियेचे बिनदाताचे चेहरे पाहिलेत. तुमचा एक राहिलाय नीट बघायचा."

"सगळ्यांनी तिकडे बघा," हे म्हणाले.

मग काय, आम्ही सगळे शहाण्यासारखे पिकानच्या झाडाकडे बघत बसलो. मिस्टर आल्टनसुद्धा. मागून हात पुढे आला, रुमालात गुंडाळलेली कवळी माझ्या हातावर आली.

पहिला आवाज घोगरा आला, दुसरा फुटला. तिसरा जरा थरथरला आणि मग सरळ झाला. जाड, ओलसर, आतून गुरगुरणारा. चार वर्षांनी ऐकत होते मी तो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलंही नाही. सोलो सुरू झाला, मधे मधे दम तुटत होता, पण सुरू राहिला. ती ओळ आली. म्हातारा पायाने ठेका देत होता. ओळ दुसऱ्यांदा आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी बंदी मोडून मागे वळून पाहिलं. गाल आत गेलेले, ओठ गुंडाळलेले, आणि हे सरळ माझ्याकडे बघत होते.

निघताना मिस्टर आल्टननी ह्यांचा हात धरला. "ती ओळ तुझी आहे. पण मी उसनी घेतली तर चालेल?" ह्यांनी नुसती मान हलवली, बोलायला दात नव्हते.

परतीच्या रस्त्यावर हे बिनदाताचेच बडबडत होते. पंपावर पुन्हा शेंगा घेतल्या. चावता येत नव्हत्या, तरी नुसत्या चोखल्या.

नाशिक

घरी आल्या दिवशी पेटी माळ्यावरून खाली आली. पण वाजवणं बेडरूमचं दार लावून. मी मनात म्हटलं, होईल हळूहळू.

गेल्या आठवड्यात वरच्या मजल्यावरचे देसले चहाला आले होते. "नायगारा पाहिला का?" त्यांनी विचारलं. तेवढ्यात माझ्या फोनवर डेलोरिसचा व्हिडिओ आला. चर्च, रविवारचे कपडे, रंगीत हॅटी घातलेल्या बायका, आणि पुढे खुर्चीत मिस्टर आल्टन, गाल आत गेलेले. भजन चाललं होतं. मधेच ती ओळ आली. बायकांनी "येस!" म्हणून हाक दिली. ओळ पुन्हा आली, हाक मोठी झाली. तिसऱ्यांदा आली आणि अख्खं चर्च उभं राहिलं.

"हे काय आहे?" देसले गोंधळून म्हणाले.

"थांबा, दाखवतो," असं म्हणून हे उठले, आतून वाद्य घेऊन आले आणि हॉलच्या मधोमध उभे राहिले. दार सताड उघडं होतं. जिन्यात दूधवाला थांबला होता. ह्यांनी कोणालाही तोंड फिरवायला सांगितलं नाही. सगळ्यांच्या समोर कवळी काढली आणि माझ्यापुढे हात केला.

"धर गं."